बाई, मग मी उभं कुठं राहायचं?

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले की ऑफसाइडचा, म्हणजे खेळाडूनं समोरच्यांच्या बाजूला किती पुढे जाऊन उभं राहायचं त्याचा, नियम समजायला पाच मिनिटं पुरतात. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. पाचोरा, शहादा, भुसावळ, चोपडा, जळगाव, धडगाव अशी सगळीकडून पत्रं आहेत. एक तर थेट लेहहून आलंय, अमळनेरच्या जवानाचं. एकोणतीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी गळ्यात घालून काढली, त्या अनुभवावर सांगते, पाच मिनिटांचा शब्द मी मागे घेते. नियम पाच मिनिटांत सांगून होतो, पण तो मैदानावर डोळ्यांना दिसायला लागेपर्यंत पोरांचा एक अख्खा पावसाळा जातो.

पाचोऱ्याहून एक वडील लिहितात: मुलगी आठवीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघात खेळते. कापसाची वेचणी सोडून मी तिचा सामना पाहायला गेलो. तिनं गोल मारला, आम्ही सगळे उठून ओरडलो, तर बाजूच्या माणसानं झेंडा वर केला. ‘शेवटच्या बचावपटूच्या पुढे होती’ म्हणाले. अहो, पण गोलकीपर तर तिच्या पुढेच उभी होती ना! माले काहीच समजनं नही. येताना पोर गाडीवर मागे बसून एक शब्द बोलली नाही.

भाऊ, आधी पोरीला हे सांगा की तिनं काही गैर केलेलं नाही. ऑफसाइडला कार्ड नसतं. समोरच्या संघाला एक इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी किक, मिळते आणि खेळ पुढे चालू होतो. चांगल्या आघाडीच्या खेळाडूला हा झेंडा आयुष्यभर दिसत राहतो, कारण ती कायम त्या रेघेच्या काठावरच खेळते.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. ‘शेवटचा बचावपटू’ हा शब्दच सगळ्या घोळाचं मूळ आहे. नियमात शेवटचा असं म्हटलेलंच नाही, ‘शेवटून दुसरा’ म्हटलंय. गोलरेषेकडून मोजायला लागा. बहुतेक वेळा पहिली गोलकीपर येते आणि दुसरी तिच्या पुढची बचावपटू. तुमची मुलगी त्या दुसरीच्या पलीकडे गेली आणि चेंडूच्याही पलीकडे असली, तर ती ऑफसाइडच्या जागेत आहे. गोलकीपर समोर असली तरी ती एकटीच असते. नियमाला दोघी हव्यात.

गोलकीपरचं नाव नियमात वेगळं घेतलेलं नाही, त्याचं कारण 2022 च्या विश्वचषकात जगानं पहिल्याच सामन्यात पाहिलं. 20 नोव्हेंबरला कतार आणि इक्वेडोर खेळत होते. तिसऱ्याच मिनिटाला एनर वालेन्सियानं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला आणि तो गोल रद्द झाला. टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी जणांना वाटलं, कतारचा माणूस तर मागे उभा दिसतोय, मग ऑफसाइड कसा? पण गोलकीपर चेंडूसाठी बाहेर पुढे आलेला होता. मागे कतारचा एकच खेळाडू राहिला होता आणि इक्वेडोरच्या एका खेळाडूचा पाय शेवटून दुसऱ्याच्या पलीकडे गेला होता. गोलकीपर पुढे आला की मोजणी बदलते, हे आठवीच्या मुलीला चित्र काढून दाखवलं की लगेच पटतं.

याहून अवघड गोष्ट आहे ‘केव्हा’ ही. ऑफसाइड कधी मोजायचा? जोडीदारीणीचा पाय चेंडूला लागला त्या क्षणी. चेंडू तुमच्या मुलीपाशी पोचला तेव्हा ती कुठे होती, याला काही किंमत नाही. प्रेक्षक चेंडूमागे बघतात, त्यामुळे त्यांना ती बचावपटूंच्या चार पावलं पुढेच दिसते. ती चार पावलं तिनं चेंडू निघाल्यावर काढलेली असू शकतात. आपल्याला हे क्रिकेटमधून चटकन कळेल. वनडेत पहिल्या दहा षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक चालतात. पंच ती डोकी चेंडू टाकला जातो त्या क्षणी मोजतो. चेंडू सुटल्यावर कोणी सीमेपर्यंत पळत गेला तर त्याला नोबॉल देत नाहीत. ऑफसाइडची मोजणीही तशीच, चेंडू सुटतानाची.

बाकी बारीकसारीक एकदम सांगून टाकते. आपल्या अर्ध्या मैदानात असाल तर ऑफसाइड नाही. शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत, एका रेघेत असाल तरी नाही. ही सवलत 1990 पासूनची आहे, त्याआधी बरोबरीतलाही धरला जायचा. हात धरत नाहीत, पण खांदा काखेच्या खालच्या टोकाच्या रेघेपर्यंत धरतात. आणि चेंडू तुमच्या पुढे असेल, म्हणजे तुम्ही मागून धावत येत असाल, तर समोर कोणीही नसलं तरी चालतं. मात्र ‘मागे दिलेल्या पासला ऑफसाइड नसतो’ हे पारावरचं ज्ञान चुकीचं आहे. पास देताना तुम्ही चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्याच्या पुढे उभे असाल आणि मागे येऊन चेंडू घेतलात, तरी ऑफसाइडच.

मुलीनं ‘असला नियम केलाच कशाला’ असं विचारलं तर तिला नावाचा अर्थ सांगा. ऑफसाइड म्हणजे आपल्या बाजूपासून सुटलेला. इंग्लंडच्या ईटन शाळेत चेंडूपुढे जाऊन दबा धरण्याला स्नीकिंग, म्हणजे चोरपावलांनी घुसणं म्हणायचे. 1863 मध्ये लंडनला फुटबॉलचे नियम लिहिले गेले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक जण बाद धरायचे. 1866 मध्ये समोर तीन जण असतील तर चालेल असं ठरलं आणि 1925 मध्ये तिनाचे दोन झाले. त्या एका आकड्यानं काय झालं बघा. इंग्लंडच्या लीगमध्ये 1924-25 च्या हंगामात 4,700 गोल झाले होते, पुढच्याच हंगामात ते 6,373 झाले.

तुमच्या मुलीचा गोल मी पाहिलेला नाही, म्हणून झेंडा बरोबर होता की चूक ते सांगणार नाही. पुढच्या सामन्याला तुम्ही चेंडूकडे बघू नका. पास देणारीचा पाय आणि बचावपटूंची रांग एवढंच बघा. दोन सामन्यांत डोळा बसेल.

शहाद्याहून दहावीतला एक विद्यार्थी: आमचा मित्र ऑफसाइडला उभा होता, पण त्यानं चेंडूला पाय लावलाच नाही. गोल दुसऱ्यानं केला. तरी पंचांनी गोल दिला नाही. आणि टीव्हीवर एकदा बघितलं तर ऑफसाइडला उभ्या असलेल्यानंच गोल केला आणि तो दिला! नियम सगळ्यांना सारखा नाही का?

बाळा, नियम सारखाच आहे. पण तू दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यास.

ऑफसाइडच्या जागेत नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथे उभं राहून खेळात हात घातला तर गुन्हा. हात घालायला चेंडूला शिवावंच लागतं असं नाही. तुझा मित्र गोलकीपरच्या अगदी समोर उभा असेल आणि त्याच्यामुळे गोलकीपरला चेंडू दिसला नसेल, तर त्यानं खेळात भाग घेतला. चेंडूसाठी कोणाशी झटला किंवा बचावपटूची वाट अडवली, तरीही तेच. कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत बसला असता तर गोल मिळाला असता. तो नेमका कुठे होता ते तू लिहिलेलं नाहीस. गोलकीपरच्या डोळ्यांच्या आणि चेंडूच्या मधे होता का, ते आठवून बघ.

दुसरा भाग खरोखर अवघड आहे. मोठमोठ्या पंचांचंही यावर एकमत होत नव्हतं. चेंडू बचाव करणाऱ्या संघाच्या खेळाडूला नुसता लागून उडाला, तर तुझा ऑफसाइड पुसला जात नाही. गोलकडे जाणारा चेंडू त्यानं अडवला तरीही पुसला जात नाही. पण त्यानं चेंडू जाणूनबुजून खेळला, म्हणजे मारायला गेला आणि नीट मारता आला नाही, तर हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. 10 ऑक्टोबर 2021 ला नेशन्स लीग या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या एम्बाप्पेनं स्पेनविरुद्ध असाच गोल केला. पास निघाला तेव्हा तो पुढे होता. मधे स्पेनच्या एरिक गार्सियानं घसरत जाऊन चेंडूला पाय लावला. पंचांनी ते जाणूनबुजून खेळणं धरलं, गोल टिकला आणि फ्रान्स 2-1 नं जिंकला. माझं मन त्या रात्री स्पेनच्या बाजूनं होतं. बचाव करायला पाय घातला नसता तर झेंडा वर गेला असता, म्हणजे प्रामाणिक प्रयत्नाचीच शिक्षा झाली. पुढे 2022 मध्ये नियम करणाऱ्या मंडळानं खुलासा केला: चेंडू लांबून येत होता का, खेळाडूला तो स्पष्ट दिसत होता का, अंग सावरायला वेळ मिळाला का, हे बघा. चेंडूवर ताबा मिळवण्याची संधी असेल तरच त्याला जाणूनबुजून म्हणा. मला हा खुलासा फार न्यायाचा वाटतो.

भुसावळहून रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा: आम्ही तरुणपणी रेल्वेच्या मैदानावर हॉकी खेळलो. ऑफसाइडच्या शिट्टीनं जीव नकोसा व्हायचा. नातू म्हणतो हॉकीत ऑफसाइड नसतोच. मी म्हणतो असतो. पैज लागली आहे. कोण खरं?

आप्पा, दोघंही खरे आहात, पण पैज नातवानं जिंकली.

तुम्ही खेळत होतात तेव्हा नियम होता आणि कडकच होता. 1972 पर्यंत समोर तीन खेळाडू लागायचे, त्यानंतर दोन. 1975 मध्ये क्वालालंपूरला आपण विश्वचषक जिंकला, तेव्हाही ऑफसाइड होताच. 1987 मध्ये तो फक्त समोरच्या पंचवीस यार्डांच्या पट्ट्यापुरता ठेवला. 1996 मध्ये तो काढून बघायचा प्रयोग झाला आणि 1998 मध्ये कायमचाच काढला. आज तुमचा नातू समोरच्या गोलपाशी एकटा जाऊन उभा राहिला तरी शिट्टी वाजणार नाही.

नियम गेल्यानं सगळी मोकळीक झाली असं मात्र समजू नका. गोलसमोरचा तो इंग्रजी डी अक्षरासारखा भाग अजून आहे. त्याच्या आत आघाडीच्या खेळाडूची स्टिक चेंडूला लागल्याशिवाय गोल धरत नाहीत. बाहेरून कितीही जोरात मारला आणि तो कोणाला न लागता आत गेला, तर फुकट. म्हणजे माणूस कुठे उभा आहे ते बघणं हॉकीनं सोडलं आणि चेंडू कुठून मारला तेवढंच बघायचं ठरवलं.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी माझं मत सांगते. ऑफसाइड काढला हे हॉकीचं भलंच झालं. दर दोन मिनिटांनी खेळ थांबत होता. आता मैदान लांब झालं, बचावपटूला मागे एकटं राहून दोघांना सांभाळावं लागतं आणि लांब पास बघायला मिळतात. तुमच्या काळातले बचावपटू एक पाऊल पुढे टाकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पाडायचे, ती कला मात्र गेली. ती नातवाला तुम्हीच करून दाखवा. आजच्या एकाही सामन्यात ती त्याला बघायला मिळणार नाही.

जळगावहून महाविद्यालयातली एक मुलगी: आमच्याकडे रग्बीचा संघ सुरू झाला. मी फुटबॉल खेळत होते, म्हणून वाटलं ऑफसाइड तरी येतो. पहिल्याच दिवशी चार वेळा पकडली गेले.

ताई, फुटबॉलचा ऑफसाइड डोक्यातून आधी पूर्ण काढून टाक. रग्बीत समोरचे किती जण कुठे आहेत याचा काहीएक संबंध नाही. चेंडू हाच पडदा. तुझ्या संघातल्या कोणाच्या हातात चेंडू असेल, किंवा कोणी नुकताच खेळला असेल, तर तिच्या पुढे असलेली तुझ्या संघातली प्रत्येक जण ऑफसाइड. म्हणून तर रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो. 1863 मध्ये फुटबॉलनं जे लिहिलं होतं आणि तीन वर्षांत सोडलं, ते रग्बीनं अजून धरून ठेवलंय.

पुढे असलीस म्हणून लगेच शिट्टी वाजत नाही. तू खेळात पडलीस, किंवा तिथून आणखी पुढे सरकलीस, तर वाजते. तुझ्या जोडीदारीणीनं चेंडू पायानं लांब उडवला आणि तू पुढे होतीस, तर जागच्या जागी थांब. तिला धावत तुझ्या पुढे जाऊ दे, ती पुढे गेली की तू सुटलीस. पण समोरची खेळाडू चेंडू झेलायला उभी असेल आणि तू तिच्यापासून दहा मीटरच्या आत असशील, तर नुसतं थांबून भागत नाही, लगेच मागे पळावं लागतं. चारपैकी निदान दोन वेळा तू यातच सापडली असशील असा माझा अंदाज आहे, कारण फुटबॉलचा पाय थांबायला शिकलेला असतो, मागे फिरायला नाही.

खाली पडलेल्या चेंडूवर दोन्हीकडच्या खेळाडू उभ्यानं एकमेकींना भिडतात, त्याला रक म्हणतात. तिथे आणखी एक रेघ तयार होते. तुमच्या बाजूच्या सगळ्यांत मागच्या खेळाडूचा मागचा पाय, ती तुमची रेघ. बाकीच्यांनी त्या पायाच्या मागे राहायचं. दोन्ही संघांच्या खेळाडू वाकून, खांद्याला खांदा लावून एकमेकींना ढकलतात, तो स्क्रम. त्यात सामील नसलेल्यांना, त्यात चेंडू टाकणारी स्क्रम-हाफ सोडून, मागच्या पायापासून आणखी पाच मीटर मागे. मैदानावर फक्की मारून आखलेली अशी रेघ नसते. ती माणसांच्या पायांनी आखली जाते आणि क्षणाक्षणाला हलते. पहिला महिनाभर प्रत्येक रकच्या वेळी मागच्या पायाकडे बोट दाखवून मोठ्यानं ‘रेघ’ असं ओरडायची सवय लावा. सगळा संघ एकदम सुधारतो.

लेहहून अमळनेरचा एक जवान: बाई, इथे हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर आइस हॉकी चालते. सुट्टीच्या दिवशी आम्ही बघायला जातो. निळ्या पट्ट्यापाशी सारखा खेळ थांबतो. कधी पंच हात वर करून नुसता उभा राहतो आणि खेळ चालूच असतो. हे काय प्रकरण?

दादा, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. आपल्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, आणि आपला माणूस बर्फावरच्या खेळाचा नियम विचारतोय.

इथला ऑफसाइड मला सगळ्यांत स्वच्छ वाटतो, कारण रेघ एका जागी रंगवलेली आहे. निळ्या पट्ट्यापलीकडे समोरच्यांचा प्रदेश. त्यांच्या चेंडूला, म्हणजे त्या रबरी चकतीला, पक म्हणतात. पक आधी आत गेला पाहिजे, माणूस नंतर. कोणाचे दोन्ही स्केट पट्टा पूर्ण ओलांडून गेले आणि पक अजून आत आलेला नाही, तर तो ऑफसाइड. एक स्केट पट्ट्यावर राहिला तर तो वाचला. म्हणून तुम्हाला खेळाडू पट्ट्यावर एक पाय मागे ओढत, अंग पुढे झुकवून थांबलेले दिसत असतील. आपल्या कबड्डीत चढाई करणारा मध्यरेषेकडे पाय ताणतो ना, तसंच ते दिसतं.

पंच हात वर करून थांबतो, त्याचं कारण असं: कोणीतरी आधी आत गेलाय आणि पक मागून आलाय, पण आघाडीच्या संघातल्या कोणी त्याला अजून हात लावलेला नाही. आत गेलेले सगळे बाहेर येऊन पट्ट्याला लागले की हात खाली येतो आणि खेळ चालू राहतो. कोणी बाहेर न येता पकला लागला की शिट्टी. चूक दुरुस्त करायला दिलेली ही मुदत मला फार आवडते. फुटबॉलमध्ये एकदा झेंडा लागू झाला की परत फिरून उपयोग नसतो.

चोपड्याहून कबड्डीचे एक प्रशिक्षक: आमच्या खेळात ही भानगड नाही याचा अभिमान वाटतो. बरोबर ना?

सर, अभिमान जरूर बाळगा, पण भानगड आहे. लॉबी घ्या. झटापट सुरू होईपर्यंत ती मैदानाबाहेर असते. कोणाला न शिवता चढाईपटू तिच्यात गेला की बाद. एकदा शिवाशिव झाली की तीच मीटरभराची पट्टी मैदानाचा भाग होते. पट्टी तीच, पाय तोच, निकाल मात्र त्याआधी काय घडलं त्यावर. बोनस रेषा घ्या. समोर सहा किंवा जास्त खेळाडू असतील तरच ती जिवंत, पाच उरले की तिच्यावरून कितीही पाय नाचवा, गुण नाही. तुमचा चौदा वर्षांचा मुलगा हे सगळं धावता धावता मोजतो. त्याला फुटबॉलचा ऑफसाइड शिकवायचा झाला तर बोनस रेषेपासूनच सुरुवात करा.

धुळ्याहून एक गृहिणी: क्रिकेटमध्ये ‘ऑफ साइडला चौकार’ म्हणतात, तो हाच का?

नाही वहिनी. उजव्या हातानं खेळणारा फलंदाज उभा राहिला की त्याच्या छातीसमोरची बाजू ती ऑफ, पाठीमागची लेग. नुसतं दिशेचं नाव आहे, त्यात कोणी चुकत नाही.

धडगावहून एक शिक्षक: आश्रमशाळेतल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. पुस्तक वाचून दाखवलं, फळ्यावर आकृत्या काढल्या, तरी ऑफसाइड डोक्यात शिरत नाही. कसा शिकवावा?

सर, तुमच्या पत्रावर धडगावचा शिक्का पाहिला आणि सगळ्यांत शेवटी, सावकाश उत्तर लिहायचं ठरवलं. कारण एक जुनं देणं आहे.

2004 च्या पावसाळ्यात नंदुरबारला शालेय मुलींचा सामना होता. मी झेंडा घेऊन बाजूच्या रेषेवर होते. एक संघ सातपुड्यातल्या आश्रमशाळेचा, बहुतेक मुली अनवाणी. चेंडू माझ्याच समोर बाहेर गेला आणि त्यांना थ्रो-इन मिळाला. त्यांची एक बारकी पोर सगळ्यांच्या पुढे पळत गेली, समोर फक्त गोलकीपर. जोडीदारीणीनं डोक्यावरून लांब फेकला, हिनं चिखलातून उडालेला चेंडू गुडघ्यानं थांबवला आणि मारला. गोल. माझा हात आपोआप वर गेला आणि पंचांनी शिट्टी दिली. ती पोर भांडली नाही. चालत माझ्यापाशी आली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि अगदी शांतपणे विचारलं, “बाई, मग मी उभं कुठं राहायचं?” मी म्हटलं, “मागे.” त्यांचा संघ एका गोलनं हरला.

रात्री खोलीवर नियमांची पुस्तिका उघडली. थ्रो-इनमधून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. कॉर्नरला नसतो, गोल किकलाही नसतो. थ्रो-इनचा नियम तर 1920 पासूनचा आहे. पोर बरोबर जागी उभी होती. सकाळी त्यांच्या मुक्कामावर गेले, तर ती मुलं पहाटेच्या एसटीनं निघून गेली होती. त्यांच्या शाळेच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं, चूक माझी होती असं स्वच्छ लिहिलं. उत्तर आलं नाही. तिच्यापर्यंत ते पोचलं की नाही, कळायला मार्ग नाही. आता ती तिशीच्या पुढची बाई असेल. हे सदर तिच्या हाती पडलं तर तिनं वाचावं: तू उभी होतीस तीच जागा बरोबर होती.

तेव्हापासून मी ऑफसाइड शिकवताना तो कुठे नसतो इथून सुरुवात करते. पहिला दिवस फक्त थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किक. मुलं पुढे जाऊन बिनधास्त उभी राहतात, गोल करतात, हसतात. भीती जाते. दुसऱ्या दिवशी सांगायचं की अर्ध्या रेषेच्या अलीकडेही मोकळीक आहे.

तिसऱ्या दिवशी दोरी आणायची. राखीव खेळाडूंपैकी दोन मुलं मैदानाच्या दोन्ही बाजूंना उभी करा, दोघांच्या हातात दोरीची टोकं, दोरी घोट्याच्याही खाली जमिनीलगत. त्या दोघांचं काम एकच, गोलकडून मोजत शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत पळत राहायचं. बचावपटू पुढे आला की दोरी पुढे, मागे सरला की मागे. मैदानाची पूर्ण रुंदी घेऊ नका, पंधरा मीटरचा तुकडा पुरतो, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार मुलं. पुस्तकात न दिसणारी रेघ आता पोरांना पायाशी हलताना दिसते. पास देणाऱ्यानं चेंडू मारताना मोठ्यानं ‘हो’ म्हणायचं. ‘हो’ ऐकू आलं की दोरीवाले जागच्या जागी थिजतात आणि सगळे मिळून बघतात, पुढचा खेळाडू दोरीच्या अलीकडे होता की पलीकडे. वाद होतो, होऊ द्या. तुम्ही निकाल देऊ नका, त्यांनाच ठरवू द्या. चौथ्या दिवशी दोरी काढा, पण ते दोघं तसेच पळू द्यात. आठवड्यानं त्यांनाही खेळायला घ्या. तोवर प्रत्येकाच्या डोक्यात दोरी बसलेली असते.

आणि झेंडा मुलांच्या हातात देताना एवढं बजावा की शंका असेल तर हात खाली. कतारच्या विश्वचषकात छताखाली बारा कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपले जायचे आणि चेंडूत बसवलेला सेन्सर सेकंदाला पाचशे वेळा खबर द्यायचा. तिथे बोटभर पुढे गेलेला पायही धरता येतो. आपल्याकडे धरायला जाऊ नये.

दोरी सुताची घ्या, नायलॉनची नको. पळताना कोणाचा पाय अडकला तर नायलॉन कापतं, आणि तुमच्याकडची निम्मी मुलं अनवाणीच खेळत असतील. बाजारात सुताची मिळाली नाही तर जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून गाठी मारा. लांबून ठळक दिसतात, आणि कोणी पडलं तरी लागत नाही.